आर्डिसचा कोट

वन्यजीव खात्याच्या रॉयसनं बंदूक गवताच्या गठ्ठ्याला टेकवली आणि हात पुढं केला.

“कोट काढ, आर्डिस.”

“माझा?”

“मग काय घोड्याचा? माझा वास आला की कळपातली जनावरं उधळतील. तुला एकोणीस हिवाळे ओळखतायत.”

बर्फानं भरलेल्या कुरणात एल्कांचा, त्या थोराड रानहरणांचा, कळप गवताच्या गाडीची वाट बघत उभा होता. सगळ्यांपुढं सतरा नंबरची मादी. तिच्या गळ्यातला पट्टा आर्डिसनंच बांधला होता. आता तिच्या तोंडातून लाळ गळत होती, बरगड्या वर आल्या होत्या. तपासणीत झिजरोग निघाला होता, लागट आणि बिनइलाजाचा. मागं तिचं पाडस.

एका जागी चारा टाकला तर तोंडाला तोंड लागून कळप सडेल, हे आर्डिसनंच सिद्ध केलं होतं. पट्टे बांधून, लेंड्या वेचून, मेलेल्यांची मुंडकी तपासणीला कापून. खात्यानं अहवाल गुळगुळीत कागदावर छापला आणि चारा चालूच ठेवला. एल्क उपाशी खाली उतरले तर गुरांवाल्यांच्या गंजी खातील, पांगले तर शिकाऱ्यांना आयते कुठून मिळणार? सगळ्यांची सोय झाली. मरायला जनावरं होतीच.

“नाही दिला तर?”

“तर सतरा नंबर बिथरून रोग घेऊन खिंडीपलीकडं जाईल. तिकडचा कळप अजून निरोगी आहे. तुझाच अभ्यास ना, बाई?”

तिनं बटणं काढली. शेवटचं अडकलं, ते तिनं तोडलं.

तिचा कोट घालून रॉयस गाडीवर चढला. आर्डिस खोपीआड कुडकुडत राहिली. सतरा नंबर नेहमीसारखी गाडीपाशी आली. आवाज दाबलेली बंदूक खोकल्यासारखी वाजली. कळप झाडीत घुसला.

“येतील गं परत,” कोट देताना रॉयस म्हणाला.

“अक्कल असेल तर नाही येणार.”

दुसऱ्या दिवशी बाहीला बंदुकीच्या दारूचा वास होता. त्या वासानं तरी कळप बिचकावा म्हणून आर्डिसनं मुद्दाम तोच कोट घातला, गाडी कुरणात नेली आणि गठ्ठा न सोडता उभी राहिली.

झाडी हलली. कळप बाहेर आला. पुढं पाडस.

“पळा!” ती ओरडली. “मेल्यांनो, पळा की!”

पाडसानं कान हलवले. तिच्या बाहीपाशी नाक आणून हुंगलं आणि गाडीवरून लोंबणारी काडी ओढून चघळायला लागलं.

आर्डिसनं चाकू काढला आणि गठ्ठ्याची दोरी कापली.