भोंग्याचा चहा

मित्रांनो, धरणाच्या भिंतीवर उंच लोखंडी खांबाच्या टोकाला एक गंजलेले, वासलेले तोंड दिसते ना? तो मी. मी एक जुना, मुका झालेला भोंगा आहे. मुक्याने गोष्ट कशाला सांगावी, असे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरही असेल. मला ती नीट सांगता येईल याची मलाच खात्री नाही. पण गेल्या काही दिवसांपासून खाली नदीत मला एक गोष्ट दिसते आहे, आणि ती दिसल्यापासून गप्प राहणे जमत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात मोटर बसवली आणि मोटरीवर भोके पाडलेली चकती. ती गरगर फिरली की हवा कापली जाई आणि आवाज निघे. पहिल्यांदा मला वाजवून पाहिले, तेव्हा कारागिरांनी कानांवर हात ठेवले आणि मी स्वतःच दचकलो. स्वभावाने मी भिडस्त. चारचौघांत तोंड उघडायचे म्हणजे मला संकट वाटे. आणि माझ्या वाट्याला आला असा आवाज, की डोंगराने तो ऐकून परत पाठवावा.

मला या भिंतीवर आणले ते एका कामासाठी. धरणाचे दरवाजे उघडताना एकदा, मिनिटभर, ओरडायचे. बस. दरवाजे उघडणाऱ्या माणसाच्या कमरेला चाव्यांचा मोठा जुडगा असे, म्हणून त्यांना सगळे चावीवाले म्हणत. माझ्या खांबाखालीच त्यांची खोली होती. तिथे एक टेबल, एक खाट, भिंतीवर घड्याळ आणि माझे काळे बटण.

नदी येथून निघून वळणे घेत घेत सहा किलोमीटरवर एका खडकाळ बेटापाशी पोहोचत असे. त्या बेटावर चावीवाल्यांची थोरली बहीण, आक्का, कपडे धुण्याचे काम चालवी. दवाखान्यांच्या आणि खानावळींच्या चादरी तिथे दगडांवर आपटल्या जात आणि दोऱ्यांवर वाळत. चादरींच्या घड्या घालणारे एक म्हातारे होते, घडीवाले आजोबा. त्यांची घडी अशी, की चादर दुकानातून नुकतीच आणल्यासारखी दिसे. काठावरून बेटावर जायला पाण्यात मांडलेल्या दगडांची लांबलचक वाट होती. ओझे घेऊन सगळा पसारा काठावर आणायला पाव तास लागे.

धरण नवे असताना पहिले साहेब आले. त्यांनी झाकण घट्ट लावलेला एक रिकामा लाल डबा दरवाजाखालच्या पाण्यात सोडला. बेटावर माणसे वाट पाहत बसली. डबा तासाभराने आला.

साहेब आक्कांना समजावू लागले, "अंतर सहा किलोमीटर. पाणी सहा किलोमीटर चाललं एका तासात, म्हणजे वेग तासाला सहा. मिनिटाला शंभर मीटर. अंतराला वेगाने भागलं की वेळ कळतो. भोंग्याचा आवाज मात्र हवेतून सरळ येतो, दहाएक सेकंदांत. म्हणजे भोंगा ऐकल्यावर तुमच्या हातात जवळजवळ पूर्ण तास."

आक्का म्हणाल्या, "तासाभरात तर माझी सून नटूनसुद्धा होते, साहेब."

सून मागून म्हणाली, "आणि सासूबाईंचं बोलून होत नाही."

डबा आक्कांनी ठेवून घेतला आणि त्यात चहाची पावडर भरली. त्याच डब्यातून पुढे एक रीत पडली. भोंगा वाजला की काम थांबवायचे, चूल पेटवायची आणि सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. आजोबांना दोन कप लागत. मग कप विसळायचे, गाठोडी बांधायची आणि रमतगमत काठावर यायचे. तरी पाण्याचा पत्ता नसे. या चहाला ते भोंग्याचा चहा म्हणत. मी ओरडलो, की थोड्या वेळाने बेटावरून धुराची एक बारीक रेघ वर चढताना दिसे. तिला मी माझे कौतुक समजत असे.

मित्रांनो, कितीतरी वर्षे असेच गेले. मधूनमधून माझे बटण अडकून बसे आणि मी एकसुरात किंचाळत राही. मग आजोबा म्हणत, "लागला रडायला. कुणीतरी त्याला तेल पाजा रे." सगळे हसत. हे मला आक्कांकडून कळे. त्या भावाला जेवणाचा डबा द्यायला आल्या, की खांबाला टेकून बेटावरचे सगळे सांगत.

मग नदी सरळ करायचे ठरले. मोठी यंत्रे आली. त्यांनी वळणे कापली, पात्रातले खडक फोडले, काठची झुडपे उपटली आणि तळ खरवडून गुळगुळीत केला. मोजणीसाठी दर शंभर मीटरवर लाल-पांढरा खांब रोवला. काम संपले तेव्हा नदी आखणीच्या पट्टीसारखी दिसू लागली. लोक भिंतीवर उभे राहून तिची छायाचित्रे काढत. मला मात्र तिच्याकडे बघून कसेसेच होई. पूर्वी ती वळणावळणावर थांबत, कुरकुरत जायची. आता तिच्यात आवाजच नव्हता. पण माझ्या वाटण्याला काय किंमत! भित्र्याला सगळीकडेच भीती दिसते, अशी मीच माझी समजूत घातली.

नवे साहेब आले. भला माणूस, कामात चोख. त्यांनी हिशेब मांडला आणि चावीवाल्यांना सांगितला. "वळणं गेली, त्यामुळे अंतर सहाचं चार झालं. वेग तासाला सहा. म्हणजे आता चाळीस मिनिटं. बेटावर निरोप द्या, वेळ कमी झालाय."

चावीवाल्यांनी निरोप दिला. आक्कांनी तो मनावर घेतला. "आजपासून भोंग्याच्या चहाला एकच कप," त्यांनी जाहीर केले.

आजोबा म्हणाले, "नदी सरळ केली साहेबांनी आणि वाकडं झालं माझ्या पोटाशी."

भागाकार अगदी बरोबर होता, मित्रांनो. अंतर नवे घेतले होते. वेग मात्र जुनाच होता. खडक, झुडपे आणि वळणे ज्या पाण्याला अडवत होती, त्या पाण्याचा तो वेग. अडवणारे सगळे काढून टाकल्यावर ते पाणी कसे धावेल, हे कुणी पाहिले नव्हते. पाहायला एक रिकामा डबा पुरला असता. पण डब्यात चहाची पावडर होती.

नदी सरळ झाल्यावर दरवाजे पहिल्यांदा उघडायची वेळ आली, ती एका स्वच्छ दुपारी. आकाशात ढग नव्हता. पाऊस वर, लांब डोंगरात पडला होता. चावीवाल्यांनी माझे बटण दाबले, मी मिनिटभर ओरडलो, आणि दरवाजे उचलले गेले. पाणी खाली कोसळले. थोड्या वेळाने बेटावर नेहमीसारखी धुराची रेघ दिसली.

चावीवाले कठड्यावरून वाकून दरवाजा पाहत होते. वारा आला आणि त्यांची टोपी उडून पाण्यात पडली. "गेली," ते स्वतःशी हसत म्हणाले आणि टोपी कुठवर जाते ते बघत राहिले. टोपी पहिल्या खांबाशी पोहोचली. मग दुसऱ्या. त्यांचे हसू तिथेच थांबले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. तिसरा खांब. चौथा.

एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत मिनिट लागायला हवे होते. टोपीला अर्धेच लागत होते.

त्यांना कागद लागला नाही. वेग दुप्पट. चार किलोमीटर, तासाला बारा. वीस मिनिटे. आणि त्यांतली काही निघून गेली होती.

त्यांनी आधी दरवाजाची कळ उलटी फिरवली. पण दरवाजा खाली यायला पाव तास लागतो, आणि सुटलेले पाणी काही मागे वळत नाही. मग ते सायकलकडे धावले. हँडल धरून ते तसेच उभे राहिले. सायकल जिवाच्या आकांताने पळवली, तरी या चढउताराच्या रस्त्यावर तासाला बारा, फार तर पंधरा. रस्ता डोंगराला वळसा घालून जाणारा, नदीच्या दुप्पट लांब. आणि पाणी आधीच निघालेले. मी वरून हे सगळे पाहत होतो. त्या माणसाचा चेहरा असा झाला होता, की मला माझी नजर दुसरीकडे वळवता आली असती तर मी वळवली असती.

पाण्याच्या पुढे जाऊ शकेल असे तिथे एकच होते. माझा आवाज.

ते खोलीत शिरले आणि त्यांनी बटण दाबले. मी ओरडलो. पण मित्रांनो, मला एकच शब्द येत होता, आणि त्या शब्दाचा अर्थ बेटावर "चहा टाका" असा होता. 'पळा' हा शब्द मला कुणी शिकवलाच नव्हता. धुराची रेघ तशीच वर चढत राहिली.

तिथे काय चालले होते, ते आक्कांनी नंतर सांगितले. आजोबा कप हातात धरून म्हणाले होते, "अडकला बिचारा. आज तेलाचा कॅनच पाजा त्याला." सगळे हसले होते. सून चहा गाळत होती.

इकडे चावीवाल्यांनी बटणावरून हात उचलला. पुन्हा दाबले. पुन्हा उचलले. दाबत राहिले, सोडत राहिले. "आक्का, ऊठ," ते ओरडत होते, भिंतीकडे बघत, जणू ती समोरच बसली होती. "आक्का, ऊठ गं! टाक तो कप!" माझी चकती धड थांबेना आणि धड फिरेना. मोटर तापली. जळका वास येऊ लागला. मला ठाऊक होते की माझे आता संपत आले आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ओरडायची लाज वाटली नाही.

बेटावर आक्कांनी कप तोंडाशी नेला होता. तो तिथेच राहिला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ऐका."

"काय ऐकायचं? अडकलाय तो."

"अडकलेला भोंगा मधे मधे थांबत नाही, आजोबा. हा थांबतोय. कुणीतरी हाताने वाजवतोय. माझा भाऊ वाजवतोय."

त्यांनी उकळता चहा चुलीत ओतला. धुराची रेघ तुटलेली मला दिसली. "गाठोडी राहू द्या! चादरी राहू द्या! पोरी, आधी तू चल!" माणसे दगडांच्या वाटेवर धावत सुटली. आजोबा कप ठेवत म्हणाले, "अगं, चाळीस मिनिटं आहेत अजून. साहेब खोटं बोलतील का?" आक्कांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढत निघाल्या.

वाट तीच होती, मित्रांनो. अंतर सगळ्यांना सारखेच होते. पण तरण्या पायांचा वेग वेगळा आणि आजोबांच्या गुडघ्यांचा वेगळा. बाकीचे काठावर चढले. आक्का आणि आजोबा शेवटच्या काही दगडांवर होते, तेव्हा पाणी आले. ते गर्जत आले नाही. सरळ केलेल्या पात्रातून, काहीच न बोलता आले. काठावरच्यांनी आक्कांना केसांना धरून वर ओढले. त्यांच्या मुठीत आजोबांच्या सदऱ्याची बाही होती.

घडीवाले आजोबा परत आले नाहीत. चादरी मात्र कितीतरी दिवस खालच्या झाडांना अडकलेल्या सापडत राहिल्या.

मी त्याच दुपारी जळालो. नवे साहेब माझ्या खांबाखाली येऊन बसत. एकदा चावीवाल्यांना म्हणाले, "तुम्ही मला काही बोलत का नाही?" चावीवाले म्हणाले, "काय बोलू, साहेब? तुमचं चाळीस मीच तर बेटावर पोहोचवलं."

मग त्या तिघांनी, साहेबांनी, चावीवाल्यांनी आणि आक्कांनी, एक नवा लाल डबा पाण्यात सोडला. वीस मिनिटे. काठावर तसा फलक लागला. बेटावर चूल पेटवणे बंद झाले. नवा भोंगा आला, गुळगुळीत आणि चौकोनी. त्याला माणसाच्या आवाजात बोलता येते. मला खाली उतरवण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत, म्हणून मी इथेच आहे. कावळे माझ्या तोंडात काटक्या आणून ठेवतात.

आक्का होत्या तोवर दर वर्षी डबा सोडायला लावत. "नदी तीच दिसते म्हणून पाणी तेच असतं का?" त्या विचारत. आता आक्का नाहीत. चावीवालेही निवृत्त होऊन गेले. डबा रिकाम्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे.

मित्रांनो, मी कुणाला शिकवावे अशी माझी योग्यता नाही. एवढेच सांगतो. अंतर, वेग आणि वेळ हे तिघे एका घरातले आहेत. एकाला हलवले, की उरलेल्यांतला एक तरी जागचा हलतो, मग तुम्ही त्यांच्याकडे बघा किंवा बघू नका. म्हणून कुणी वेळ सांगितला, की विचारा, वेग कधी मोजला होता? आणि तेव्हापासून काय काय बदलले?

हे आजच का सांगतो आहे, तेही सांगतो. गेल्या काही दिवसांपासून यंत्रे पुन्हा नदीत उतरली आहेत. तळ आणखी खोल आणि आणखी गुळगुळीत होतो आहे. काठावरचा फलक मात्र अजून वीसच मिनिटे सांगतो आहे. काल नवा भोंगा चाचणीसाठी वाजला. त्यानंतर थोड्या वेळाने, मित्रांनो, बेटावरून धुराची एक बारीक रेघ वर चढताना मी पाहिली.

पाऊस डोंगरात सुरू झाला आहे. मला ओरडता येत नाही. खोलीचे दार उघडेच असते, आणि डबा खिळ्यावर हाताला येईल इतका खाली आहे.