सगळ्यांचा एकच पत्ता

अहवाल पाठवून तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवस अलकनंदाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या ऑफिसात ती कॉफी आणायला उठे, अर्ध्या वाटेतून परते आणि पुन्हा तीच यादी उघडून बसे.

तांबरमच्या एका कॉलेजसाठी तिने गुण भरायची वेबसाइट केली होती. कुणी लॉगिन केलं की वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, आपोआप नोंदला जाई. २००६ उजाडेपर्यंत त्या नोंदी कुणी मागितल्या नव्हत्या. मग पदार्थविज्ञानाच्या सहा मुलांचे गुण परस्पर वाढलेले आढळले, तेही बालाजीराव नावाच्या जुन्या प्राध्यापकांच्या लॉगिनमधून. प्राचार्यांनी कंपनीला विचारलं, हे झालं कुठून? अलकनंदाने बालाजीरावांच्या नोंदी काढल्या. ते रोज ज्या पत्त्यावरून लॉगिन करत, त्याच पत्त्यावरून गुण बदलले होते. ‘त्यांच्याच कॉम्प्युटरवरून,’ असं तिने लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते निलंबित झाले.

गुण बदलले त्या दुपारी आपण दाताच्या डॉक्टरकडे होतो, असं ते सांगत होते म्हणे. ते एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी तिने पहिल्यांदाच सगळ्यांच्या नोंदी उघडल्या. रसायनशास्त्राच्या कामाक्षी मॅडम : तोच पत्ता. ग्रंथपाल : तोच. खुद्द प्राचार्य : तोच! कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर एकाच वाटेने इंटरनेटवर येत होते. बाहेरच्या सर्व्हरला फक्त ती वाट दिसे. आत कोण कुठे बसलंय, ते दिसतच नव्हतं.

ती तडक मकरंदकडे गेली. प्रोजेक्ट त्याच्याकडे होतं.

“त्यांनी मागितलं ते आपण दिलं,” तो म्हणाला. “अर्थ त्यांनी लावला.”

“अर्थ मीच लावला, मकरंद. त्यांच्याच कॉम्प्युटरवरून, असं मी लिहिलंय.”

“अगं, कॉलेज हातचं जाईल. सोमवारी बघू.”

“सोमवारपर्यंत तो माणूस घरी बसणार?”

त्याने मान फिरवली. तिने पर्स उचलली, गिंडीची बस धरली आणि तिथून तांबरमची लोकल. बसायला जागा होती, पण ती दारापाशी उभीच राहिली.

प्राचार्यांच्या खोलीत बालाजीराव होतेच, लेखी खुलासा घेऊन आलेले. सदऱ्याची घडी करकरीत, कपाळावर गंध. अलकनंदाने यादी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

“मग केलं कुणी?” प्राचार्यांनी इंग्रजीत विचारलं.

“या नोंदीवरून ते कळणार नाही, सर. यांचा पासवर्ड मिळालेलं कॉलेजातलं कुणीही असेल. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी न तपासता लिहिलं.”

मग बालाजीराव तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडून चक्क मराठी आली. जुन्या वळणाची, तमिळ हेलाची, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरातली.

“अम्मा, सत्तावीस वर्षं मी इथं शिकवितो. तीन दिवसांत एकानंही मजला फोन केला नाही. ते तुमच्या यादीत कुठं लिहितात?”

“चुकले मी, सर,” एवढंच ती म्हणाली.

निलंबन त्याच दुपारी मागे घेतलं गेलं. पण बालाजीराव वर्गावर जाईनात. “नोटीस बोर्डावर निलंबित म्हणून माझं नाव लागलं आहे, पोरांनी वाचलं आहे,” ते म्हणाले. “चूक झाली, हेही तिथंच लागो.”

प्राचार्यांनी का-कू केली, पण शेवटी होकार दिला. मजकूर टाइप करायला अलकनंदाच बसली. कंपनीचं नाव घातलं, खाली स्वतःचंही. दोन ओळींत तीनदा खोडावं लागलं.

गुण कुणी बदलले, ते कधीच उघड झालं नाही. मकरंद महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. बालाजीराव मात्र तो मजकूर लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या तासाला वर्गात उभे होते.