कोर्टातला पाहुणचार

एकोणीसशे शहाण्णव साल. परके राज्यकर्ते जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. त्या साली काही म्हाताऱ्यांनी त्या राज्यकर्त्यांच्याच देशात जाऊन, त्यांच्याच कोर्टात त्यांच्यावर दावा लावला. छावणीत डांबून छळ केल्याचा! दुभाषी म्हणून नेमलेल्या बाईला निघताना नवऱ्याने टोमणा मारलाच, “जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय?” मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

पहिली साक्ष दावा लावणाऱ्यांतल्या शिंपीणआजीची. छावणीत कसं वागवलं, असं विचारल्यावर ती हसून म्हणाली, “रोज पाहुणचार व्हायचा.”

दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, हा कोर्टाचा नियम. बाईने शब्दाला शब्द ठेवला. समोरच्या बाजूचे सरकारी वकील खूश झाले. “म्हणजे आदरातिथ्यच की! त्या स्वतःच सांगतात.” न्यायाधीशांनी ते टिपून घेतलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

बाईला मात्र ते हसू खुपत राहिलं. बाहेरच्या बाकावर ती आजीशेजारी टेकली.

“आजी, छावणीत कसला हो पाहुणचार?”

आजीने डावा हात पुढे केला. अंगठा मुळापासून वाकडा. “हा पहिल्या दिवशीचा. बाकीचा पाठीवर आहे, तो इथं दाखवत नाही.”

“मग मारलं, असं सरळ का नाही सांगितलं?”

“मारलं म्हटलं की माझी धाकटी बहीण रडायची. म्हणून आम्ही पोरी पाहुणचार म्हणायचो. ती बिचारी तिथंच गेली. शब्द तेवढा जिभेवर राहिला.”

“पण इतक्या वर्षांनी हे कशाला, आजी?”

“इतक्या वर्षांनी अंगठा सरळ झाला का? चोर म्हातारा झाला म्हणून चोरी फिटत नाही, बाई. मला त्यांचं काही नको. ‘आम्ही हे केलं’, एवढं त्यांनी त्यांच्या भाषेत लिहावं.”

त्यांच्या भाषेत! आणि तिथे लिहिलं काय गेलं होतं? आदरातिथ्य. तेही बाईच्याच तोंडून.

सुट्टी संपताच ती उभी राहिली. “न्यायमूर्ती, शब्द बरोबर होता, अर्थ चुकला. चूक माझी आहे.” वकिलांनी हरकत घेतली, हिला काढाच म्हणाले. न्यायाधीशांनी आजीलाच पुन्हा विचारलं. आजीने तो वाकड्या अंगठ्याचा हात वर केला.

निकाल लागायला काही वर्षं गेली. माफीचा कागद आला तेव्हा आजीने तो बाईकडून वाचून घेतला आणि विचारलं, “या वेळी अर्थ नीट लावलास ना गं?” पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. वकील मोठ्या पदावर चढले. बाईला त्या कोर्टाने पुन्हा बोलावलं नाही. तिचा नवरा मात्र आता स्वतःच्या आईच्या जुन्या गोष्टी सुरू झाल्या की रेडिओ बंद करून ऐकत बसतो.

वाचकहो, जुना झाला म्हणून अन्याय मिटत नाही. आपल्या घरातलं म्हातारं माणूस जुनं काही सांगताना हसलं, तर एकदा विचारून पाहावं, हे हसू कशाचं?