मूळ नकाशावर पेन्सिल नको

आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, असं मनातल्या मनात म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत असतं. तुमच्याही असेल, कदाचित ते तुम्हीच असाल, रागावू नका. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या ग्रंथालयात हा मान वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंकडे होता. सगळे त्यांना वेबताई म्हणत.

वेबताई कामाच्या पक्क्या होत्या, यात वाद नाही. साइटला रंगरूप देणारी तयार थीम त्यांनी आणली, तेव्हा तिच्यातल्या बटणांवर नुसती चित्रं होती. अंध माणसाचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण चित्र त्याला काय कळणार? तो नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राही. वेबताईंनी थीमच्या फाइली उघडल्या आणि प्रत्येक बटणाला नाव दिलं: ऐका, थांबवा, पुढचा पाठ. पुढे असे चाळीसेक बदल त्यांनी थेट मूळ फाइलींतच केले. नोंद कुठेच ठेवली नाही. डोक्यात आहे की सगळं, असं त्या म्हणत.

एका शुक्रवारी सकाळी ग्रंथपाल बाईंना पडद्यावर लाल अक्षरांत सूचना दिसली. थीमची नवी, जास्त सुरक्षित आवृत्ती आली आहे, ती घ्या. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आणि सूचना पाळायची हा उभ्या आयुष्याचा शिरस्ता. त्यांनी बटण दाबलं. नव्या फाइली जुन्यांच्या जागी येऊन बसल्या आणि वेबताईंचे सगळेच्या सगळे बदल पुसले गेले.

अर्ध्या तासात एका टेलिफोन ऑपरेटरचा फोन आला. हा गृहस्थ जन्मापासून अंध. सोमवारी त्याची बढतीची परीक्षा होती आणि नियमांचं पुस्तक तो याच साइटवर ऐकत होता.

“ताई, साइट नुसती बटण बटण करायला लागली,” तो म्हणाला. “माझे अजून पाच पाठ राहिलेत हो.”

वेबताईंचा पारा चढला. त्यांनी ग्रंथपाल बाईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा, इथपर्यंत बोलल्या. बाई वयाने मोठ्या, पण त्यांनी फक्त ऑपरेटरचा नंबर चिठ्ठीवर टिपून घेतला. कपाटातून एक जाड पुस्तक काढून त्या आतल्या खोलीत गेल्या.

फाइलींची जुनी प्रत वेबताईंच्या घरच्या संगणकावर होती. ती आणायला त्या दुपारी घरी गेल्या. सासरे खिडकीशी पेपर वाचत होते. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेलेली. वेबताईंनी तावातावाने सगळी हकीकत सांगितली. सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला.

“आम्ही मूळ नकाशावर पेन्सिलसुद्धा टेकवत नव्हतो,” ते म्हणाले. “वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि आपला बदल त्यावर काढायचा. कोपऱ्यात नाव, तारीख, आणि बदल का केला ते. मूळ नकाशा सुधारून आला, की तोच ट्रेसिंग पेपर त्यावर ठेवायचा. तुमच्यात अशी काही सोय नाही?”

“आहे ना, बाबा. चाइल्ड थीम म्हणतात. एक वेगळा फोल्डर करायचा, त्यात मूळ थीमचं नाव लिहायचं आणि फक्त आपले बदल ठेवायचे. साइट आधी आपले बदल बघते, बाकीचं मूळ थीममधून घेते. मूळ थीम कितीदा बदलली तरी आपलं आपल्यापाशी राहतं.”

“मग केलं का नाहीस?”

“पहिला बदल दोन मिनिटांचा होता, म्हणून तिथेच केला. मग होत गेले.”

“आणि नोंद?”

वेबताई उठून संगणक सुरू करायला गेल्या.

“नोंद असती तर दुसऱ्या कुणालाही ते काम जमलं असतं,” सासरे हळूच म्हणाले. “तेच तर नको होतं ना तुला?”

हे फार झोंबलं, कारण ते खरं होतं.

जुनी प्रत घेऊन त्या परतल्या, तर आतल्या खोलीतून वाचनाचा आवाज येत होता. ग्रंथपाल बाई फोनवर ऑपरेटरला नियमांचं पुस्तक वाचून दाखवत होत्या. सकाळपासून वाचत होत्या. घसा बसला होता, शेजारचा पाण्याचा तांब्या रिकामा झाला होता आणि तिसरा पाठ चालू होता. वेबताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं! आपण खापर फोडायला डोकं शोधत होतो, तेव्हा या बाई वाचकाचं काम करत होत्या!

सकाळी जेवढी माणसं होती, तेवढ्या सगळ्यांसमोर वेबताईंनी बाईंची माफी मागितली. मग त्या कामाला बसल्या. वेगळा फोल्डर केला आणि जुन्या प्रतीतून एकेक बदल शोधून त्यात ठेवला. बाई शेजारी वही घेऊन बसल्या: काय बदललं, कधी, कशासाठी. शनिवारी संध्याकाळी बटणं पुन्हा नावानिशी बोलू लागली. उरलेले दोन पाठ ऑपरेटरने रविवारी आपले आपण ऐकले.

महिन्याभराने पुन्हा लाल सूचना आली. सगळ्यांच्या माना ग्रंथपाल बाईंकडे वळल्या. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते. वेबताईंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

“दाबा, बाई. तुमचंच बरोबर होतं.”

बाईंनी बटण दाबलं. मग ऑपरेटरला फोन लावून स्पीकर चालू केला. एव्हाना तो परीक्षा पास होऊन पर्यवेक्षक झाला होता. त्याने साइट उघडली, आणि त्याचा फोन काय बोलतो ते सगळ्या कचेरीने कान देऊन ऐकलं: ऐका, थांबवा, पुढचा पाठ. एकही नाव हललं नव्हतं.

वाचकहो, जे सगळ्यांचं आहे त्याच्या मुळात खाडाखोड करू नये. आपला बदल शेजारी मांडावा आणि त्याखाली नाव नि कारण लिहावं, म्हणजे मूळही सुधारत राहतं आणि आपलं कामही टिकतं. आपल्यावाचून काम चाललं, तर तो कमीपणा नव्हे. ते काम नीट केल्याची ती पावती आहे.

पुढच्या आठवड्यात वेबताईंनी आठ वर्षांत पहिल्यांदाच दहा दिवसांची रजा घेतली. कचेरीतून एकही फोन आला नाही. पहिले दोन दिवस त्यांना ते जरा लागलं, मग मात्र त्यांनी फोनकडे बघणंच सोडून दिलं.