झोळीत टांगलेला झुंजीचा कोंबडा

मी एक म्हातारा कोंबडा आहे. तुरा फाटलेला, डावा पाय वाकडा. मित्रांनो, मला बघून "अरेरे" म्हणणार असाल तर आत्ताच उठून जा. अरेरे म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांतल्या एकानेही माझा पाय कधी धुतला नाही.

माझा जन्म कटंगीजवळच्या एका खेड्यात भैयालालच्या घरी झाला. भैयालालला शेतीपेक्षा कोंबडबाजाराचा नाद. धान घरात आलं की आंब्याखाली गोल करून माणसं बसत, आमच्या पायाला काती नावाचं धारदार पातं बांधत आणि आम्हाला एकमेकांवर सोडत. रक्त आमचं सांडे आणि मिशीला पीळ ही माणसं देत. भैयालाल मला 'राजा' म्हणे. घरातली अंडी बायकोला न देता मला चारी. मी जिंकलो की तो अशी छाती काढून चाले, जणू झुंज त्यानेच खेळली होती.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात समोरच्या कोंबड्याची काती माझ्या डाव्या पायात घुसली. शीर तुटली, बोटं मुठीसारखी आत वळली. मी खाली बसलो. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याने न्यायचा, ही त्या बाजाराची रीत. भैयालालने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुलीचंद नावाच्या माणसाने मला जिंकलं, उलटं करून सायकलच्या दांडीला टांगलं आणि घरी नेलं.

"घे वं, रस्सा कर!" तो अंगणातूनच ओरडला.

त्याची बायको चंपाबाई धान पाखडत होती. तिने सूपही खाली ठेवलं नाही.

"कोठून आणला?"

"जिकला."

"मंग तुमीच शिजवा. जुव्याचं कोंबडं माह्या चुलीवर चढत नाही."

तिला माझी दया आली असं समजू नका. नवऱ्याच्या नादाचा तिला वीट आला होता, इतकंच. पण दारात रक्त गाळत पडलेला जीवही तिला बघवेना. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या कोमट पाण्याने तिने जखम धुतली, हळद आणि तेल लावलं. तुटक्या चपलेचा तुकडा कापून त्यावर माझी वळलेली बोटं एकेक सरळ केली आणि चिंधीने बांधली. पायावर भार पडू नये म्हणून पोत्याला दोन भोकं पाडून झोळी केली, भोकांतून पाय खाली सोडले आणि मला पडवीत टांगलं. झुंजीचा कोंबडा मी, आणि तान्ह्या पोरासारखा झोळीत! अंगणातल्या कोंबड्या, ज्यांना अंडं घालून ओरडण्यापलीकडे काही येत नाही, त्या माना वाकड्या करून बघत. मी चंपाबाईचा हात फोडून काढला.

"मार, मेल्या," ती म्हणाली. "चोच हाय तं मारशीलच. फक्त पाय हालवू नको."

रोज सकाळी पाणी, हळद, धुतलेली चिंधी. रोज तिच्या शिव्या आणि माझी चोच. एकमेकांबद्दल आमचं मत काही चांगलं नव्हतं. पण उन्हाळा संपता संपता माझी बोटं जमिनीवर सपाट टेकली. मी उभा राहिलो आणि लंगडत अंगणभर फिरलो.

तेव्हा दुलीचंदला माझा पुळका आला! पुढच्या हिवाळ्यात चंपाबाई शेतात लाखोरीच्या डाळीचं पीक कापायला गेलेली पाहून त्याने मला बगलेत मारलं आणि कोंबडबाजार गाठला. समोर भैयालाल, नवा कोंबडा घेऊन.

"अरे, हा तं माहा राजा!" तो दात काढून म्हणाला.

माझ्या चांगल्या पायाला काती बांधली. वाकडा पाय लटपटत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. म्हणूनच तर सगळे दुसऱ्या कोंबड्यावर पैसे लावत होते. ही तुमची शहाणी माणसं.

आम्हाला सोडणार तोच माणसं बाजूला सरकली. चंपाबाई रिंगणात शिरली होती. कुणीतरी तिला शेतात जाऊन सांगितलं होतं. हातात विळा तसाच होता.

"वहिनी, खेळाच्या मधात येऊ नका," भैयालाल म्हणाला.

"सारा उन्हाळा याचा पाय मी धुतला. तुमी धुतला काय? नाही ना? तं मंग हात लावू नका."

दुलीचंद कुजबुजला, "अवं, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. त्याइलेही घरं हायेत, जातील आपआपल्या घरी."

तिने विळ्याने कातीचा दोरा कापला, मला काखेत घेतलं आणि चालू लागली. मागे एकही जण हसला नाही. घरापर्यंत ती मलाच बोलत होती. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मी चोच मारली नाही.

त्यानंतरच्या एका थंडीत पाय पुन्हा सुजला. चंपाबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी तुमसरच्या बसमध्ये बसत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "याचा पाय रोज धुजा. नाही धुतला तं मी तिकडंच राहीन. हे खरं समजा."

दुलीचंदने पहिल्या दिवशी कढत पाणी आणलं. मी त्याचा अंगठा फोडला. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्यात आधी स्वतःचा हात बुडवू लागला. एकदा फाटकाशी भैयालालने हाक मारली, "येतो काय, बाजार भरला ना!"

"तू हो पुढं," दुलीचंद मान वर न करता म्हणाला. "पाणी थंडं होऊन राह्यलं."

चंपाबाई परत आली तेव्हा सूज उतरली होती. तिने माझा पाय उलटसुलट करून पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. शाबासकी कुणालाच मिळाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लंगडं कोंबडं असेल तर त्याला लाडाची नावं ठेवत बसू नका. खाली कोरडी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घाला. दाणा-पाणी जवळ ठेवा. बाकीच्या कोंबड्या टोचायला येतात, त्यांना लांब ठेवा. आणि पाय रोज धुवा. ते तुमचे आभार मानणार नाही, उलट चोच मारेल. मारू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणी गरम करा.