मातामायची जागा

घरापुढच्या चौथऱ्यावरचा मातामायचा दगड चैतरामनं आपल्या गावी मुर्रीला नेला असता, तर कुद्दूस पिंजाऱ्याचा सगळा फायदाच होता. चौथरा गेला की छपरी थेट गल्लीपर्यंत ओढायची, दुसरी धुणकी टांगायची, जावयाला कापूस पिंजायला बसवायचं. म्हणजे एकुलती लेक हमीदा डोळ्यांसमोर राहिली. जावयानं स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "जगह मिली तो रुकेंगे, अब्बा. नहीं तो कामठी."

गोंदियाच्या त्या मुसलमान मोहल्ल्यात हिंदू घर एकच, धुरपताकाकीचं. चौथऱ्याची झाडलोट तिची, मंगळवारचं पाणी तिचं. आता तिचा मुलगा चैतराम तिला मुर्रीला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता.

"दगडही घेऊन जा," कुद्दूसच आदल्या दिवशी म्हणाला होता. फायद्याच्या वेळी माणूस फार उदार होतो.

पण काकी चौथऱ्यावरून उठेना.

"चाल ना माय, बैल खोळंबून राह्यले."

"मी चालली रे. पण हिले उपटून कायले नेतं? हे इथलीच होय."

"मंग इथं पाणी कोण टाकन? हे लोक?"

दगड उपटायला कुद्दूसच्या हातात पहार होती. लहानपणी त्याला देवी आल्या, तेव्हा मातामायचा कोप नको म्हणून बापानं धुणकी उतरवून ठेवली होती, घरात फोडणीसुद्धा बंद केली होती. आणि काकीनं याच चौथऱ्यावरचं पाणी कडुनिंबाच्या डहाळीनं त्याच्या अंगावर शिंपडलं होतं. तोंडावरचे वण अजून तसेच होते. त्यानं पहार खाली ठेवली.

"काऊन रे चैतराम, तुझ्या मातेनं माझ्या थोबाडाची चाळणी केली, तवा मले जात इचारली होती का? आता निघताना बरी इचारते!"

काकी पदरात हसली. "लबाडा, जागा पायजे होती ना तुले?"

"पायजे होती. आता नाई पायजे. झाडलोट आमी करू, पूजेले तू येत जा. मुर्री का लंकेत हाय?"

दारात उभा जावई आत जाऊन ट्रंक भरू लागला.

चैतरामचं काही गेलं नाही. आई आणि तिची भांडी घेऊन तो गेला. काकीला मंगळवारची पायपीट लागली, पण ती तिला मुर्रीत यात्रेसारखी मिरवता आली. मोहल्ल्याला तर फुकटात नाव मिळालं. मशिदीच्या पायरीवरचे म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याला चौथरा असा दाखवू लागले, जणू पहार त्यांनीच खाली ठेवली होती.

कामठीची गाडी सुटेपर्यंत कुद्दूस स्टेशनावर हमीदाच्या खिडकीचा गज धरून उभा होता.

"पानी लिया ना, बेटी?" त्यानं विचारलं. हमीदानं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं.