ऊब शोधणाऱ्या स्टारबाई

मी एक जुनी स्पॉटची बत्ती आहे. नाटकगृहात मला सगळे म्हातारी म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. स्टेजच्या डाव्या अंगाला, हात लांबवला तर पडद्याला लागेल एवढ्या जवळच्या सज्ज्यात मी उभी असते. पत्र्याचं अंग, पुढे जाड भिंग, आणि पोटात हा एवढा थोरला बल्ब.

मित्रांनो, माझं घराणं मोठं. माझी पणजी चुन्याचा खडा तापवून उजेड पाडायची. लाइमलाइट म्हणतात ना, ती तीच. त्यातला लाइम म्हणजे लिंबू नव्हे बरं का, चुना. इंग्रजीत नावाजलेल्या माणसांना सगळी उजेडाचीच नावं. स्टार म्हणजे तारा, ल्युमिनरी म्हणजे उजेड देणारा. माणूस काही स्वतः पेटत नाही. तो उजेड कोण पाडतं, ते कुणी वर बघून विचारत नाही.

एकदा एक माशी माझ्या भिंगावर बसली. पडद्यावर तिची सावली म्हशीएवढी पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती बाकीच्या माश्यांशी बोलेनाशी झाली. स्टार झाली होती ना.

मला चालवायची बत्तीकाकू. माझा झोत नटांच्या मागे फिरवत फिरवत तिचे केस पांढरे झाले. मी इतकी तापायचे, की ती माझ्या डोक्यावर डबा ठेवून जेवण गरम करायची. माशीचं सोडा, हे मात्र शपथेवर खरं.

आणि आमच्या स्टारबाई. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर नाटकाच्या नावापेक्षा मोठं. त्या स्टेजवर आल्या, की चेहरा माझ्याकडे वळवायच्या, डोळे मिटायच्या आणि मगच पहिलं वाक्य बोलायच्या. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी नाटकगृह रिकामं होतं. स्टारबाई भिंतीला हात लावत सज्ज्यात आल्या आणि बत्तीकाकूशेजारी बसल्या.

"काकू, मला आता दिसत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी धूसर होतं. आता तेही नाही."

"मग स्टेजवर चालता कशा, बाई?"

"तुझ्या म्हातारीच्या उबेनं. गालाला ऊब लागते, तिच्याबरोबर सरकते. ऊब थांबली की मी थांबते. फक्त कुणाला सांगू नकोस. आंधळ्या बाईला कोण काम देतंय?"

काकूनं त्यांचा हात घट्ट धरून शब्द दिला. आणि मी? मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती कळली. स्टेजच्या पुढे वादक बसायचा खड्डा आहे, माणूसभर खोल. माझा बल्ब मध्येच गेला तर? वायर तुटली तर? रोज घंटा झाली की माझा पत्रा कडकड वाजायचा. लोकांना वाटायचं, तापतेय.

मग एक दिवस दुपारच्या प्रयोगाआधी मॅनेजर नवी बत्ती घेऊन आला. सडपातळ, पांढरीशुभ्र, बर्फासारखी. माझी वायर काढली आणि मला सज्ज्याच्या कोपऱ्यात ढकललं.

काकूनं नव्या बत्तीसमोर हात धरला. तिचा चेहरा उतरला. "साहेब, आजचा दिवस म्हातारीच राहू द्या. हिला ऊब नाही."

"ऊब कशाला हवी? तुमच्या डब्यासाठी?" मॅनेजर हसला. "डबा गरम करायचं मशीन घेऊन देतो, काकू."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. शब्द दिला होता ना. ती तशीच जिना उतरून मेकअपच्या खोलीकडे पळाली, पण खोली रिकामी. शेवटची घंटा झाली होती आणि स्टारबाई पलीकडच्या विंगेत जाऊन उभ्या होत्या. काकू धापा टाकत परत सज्ज्यात आली, तोवर पडदा वर गेला होता.

स्टारबाई स्टेजवर आल्या. चेहरा वळवला, डोळे मिटले, आणि थांबल्या. गालाला काहीच लागेना. त्यांनी हात पुढे केला, एक पाऊल टाकलं. पुन्हा चेहरा वळवला. आणखी एक पाऊल. त्या ऊब शोधत होत्या, मित्रांनो, आणि सरळ खड्ड्याकडे चालल्या होत्या. लोकांना वाटलं, अभिनय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या भयंकर टाळ्या मी उभ्या जन्मात ऐकल्या नाहीत. त्या कडकडाटात काकूची हाक कुठल्या कुठे विरली.

काकूनं मला कोपऱ्यातून खेचलं. तिच्या अंगात दहा पैलवान शिरले होते, खोटं सांगत नाही. नव्या बत्तीची पिन उपटली, माझी खोचली. माझ्या वायरीचं रबर तडकलेलं, बल्ब थंडगार. एकदम पेटले तर फुटेन, हे मला ठाऊक होतं. भीतीनं माझं भिंग पांढरं पडलं असेल. पण पेटले.

स्टारबाईंचं एक पाऊल खड्ड्यावर अधांतरी होतं. डाव्या गालावर ऊब पडली. पाऊल तिथंच थांबलं. मग हळूच मागे आलं.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, एक श्वास घेतला आणि पहिलं वाक्य म्हटलं.

पडदा पडल्यावर मॅनेजर तणतणत आला. "काकू, नवी बत्ती कुणाला विचारून काढली?"

तेवढ्यात भिंत चाचपत स्टारबाई वर आल्या. "तिला नका बोलू. मला दिसत नाही. मी म्हातारीच्या उबेवर चालते. आज तुम्ही मला खड्ड्यात घालणार होतात."

मॅनेजरनं सज्ज्यातून वाकून खड्ड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हिचे बल्ब कुठं मिळतात?"

"मिळत नाहीत," काकू म्हणाली. "कपाटात दोन आहेत."

तेव्हापासून नवी बत्ती उजेड पाडते आणि मी शेजारी उभी राहून ऊब देते. कपाटातला एक बल्ब संपला. दुसरा आता माझ्या पोटात आहे. काकूनं परवा विचारलं, "हा गेला की काय करायचं, बाई?" तर त्या म्हणाल्या, "मग मी खुर्चीत बसून काम करीन. पण खुर्ची तुझ्या बाजूला ठेव."

मित्रांनो, भीती मला अजून वाटते. घंटा झाली की पत्रा अजून वाजतो. तुम्हाला एवढंच सांगते, जुनी वस्तू कोपऱ्यात ढकलायच्या आधी जरा विचारा, हिच्यापाशी कोण शेकत होतं. आणि माझ्या भिंगावर माशी बसलेली दिसली तर हाकलू नका. ओळखीची असेल.